माझ्या नावाची सव्वा मूठ

आमच्या भावकीत कानबाईच्या रोटांचा गहू मुठीने मोजतात. कानबाई ही आमची खान्देशची देवी, ती श्रावणात एका रविवारी बसते; त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, ओसरीवर धुतलेलं धोतर अंथरतात. घरातला वडीलधारा हातपाय धुऊन बसतो, समोर सूप ठेवतो आणि एकेका पुरुषाचं नाव मोठ्याने घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतो. त्याचं लग्न झालेलं असेल तर त्याच्यामागे बायकोचीही सव्वा मूठ पडते. तिचं नाव घेत नाहीत, ‘त्याची जोडी’ म्हणतात. मग तो गहू घरच्या जात्यावर दळायचा, पुरण भरून त्याचे रोट करायचे, आणि ते फक्त घरच्या माणसांनी खायचे. बाहेरच्याला कणभरही द्यायचं नाही, आणि मागे उरवायचंही नाही.

लेकीची मूठ नसते. ती लग्न करून जाईल त्या घरच्या सुपात तिची मूठ पडेल, असं धरून चालायचं. तोवर तिने बापाच्या वाट्यातलं खायचं. आता मी एकेचाळीस वर्षांची आहे. माझं लग्न झालेलं नाही आणि होणार नाही. म्हणजे अख्ख्या खान्देशात असं एकही सूप नाही, ज्यात माझ्या नावाचा दाणा पडतो. हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली, आणि आल्यावर मी गप्प बसले नाही. गेल्या श्रावणात भांडले. देवाच्या दारात, सगळ्यांच्या देखत भांडले, आणि त्याबद्दल मला आजही तिळमात्र वाईट वाटत नाही.

‘एवढ्याशा गव्हाचं काय घेऊन बसलीस?’ असं मला चांगली शिकलेली माणसं म्हणाली. म्हणणारच! त्यांच्या नावाची मूठ पडते, त्यांचं काय जातंय?

मूठभर गव्हात काय असतं हे मला विचारा. जळगावात एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते, आणि सजीव ऊर्जा साठवून कशी ठेवतात हा धडा मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. गव्हाचा दाणा म्हणजे एक इवलासा कोंब आणि त्याच्या पाठीला बांधून दिलेली शिदोरी. ती शिदोरी म्हणजे स्टार्च, आपण ज्याला पीठ म्हणतो ते. कोंबाला पान फुटेपर्यंत उन्हातून स्वतःचं अन्न करता येत नाही, तोवर त्याने हे खायचं. गव्हाचं झाड पिवळं पडून वाळत जातं तेव्हा अंगातलं होतं नव्हतं ते दाण्यात उतरवून मोकळं होतं. आपण तो दाणा दळतो, म्हणजे दुसऱ्याच्या लेकराची शिदोरीच पळवतो. निदान कुणाची पळवली एवढं तरी ध्यानात ठेवावं, असं मी पोरांना सांगते.

पोरं हसतात. मग मी कच्चं केळं काढते. जळगावात केळ्याला काय तोटा! कच्च्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला की चकती निळीकाळी पडते, कारण आत स्टार्च ठासून भरलेला असतो. पिकल्या केळ्याच्या चकतीवर तोच थेंब टाकला तर रंग जवळजवळ धरत नाही, कारण स्टार्चची साखर झालेली असते. मग सरकी दाखवते. सरकी फोडून कागदावर घासली की तेलाचा डाग पडतो. सरकीला कापसाबरोबर वाऱ्यावर उडायचं असतं, तिला जड ओझं परवडत नाही, आणि तेवढ्याच वजनाच्या तेलात स्टार्चच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मावते. माणसाचंही तेच. स्टार्चसारखाच एक साठा यकृतात असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, पण उपास धरला तर तो एका दिवसात संपत येतो. मग चरबी कामाला लागते. चरबीला नावं ठेवणाऱ्यांना मी वर्गातच झापते. तुझी आई तुला नऊ महिने वागवून वर दूध पाजू शकली ती कशाच्या जोरावर, म्हणून विचारते. बाईच्या अंगाला निसर्गाने पुरुषापेक्षा जास्त चरबी दिली आहे ती काही शोभेसाठी नाही.

आणि हे सगळं शिकवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या अंगात सुई टोचल्याशिवाय काहीच साठत नाही. मला तेराव्या वर्षापासून डायबेटीस आहे. लहान मुलांना होतो तो. हे मी मोठ्याने सांगते, कारण लोक ते हळू आवाजात, दार लोटून घेतल्यावर सांगतात, आणि त्या हळू आवाजाने माझं डोकं फिरतं. खाल्लेल्या भाकरीची साखर होऊन रक्तात येते, तेव्हा तुमच्या अंगातलं इन्शुलिन सांगतं, ‘चला, उचला हे, आत ठेवा.’ थोडं यकृतात जातं, थोडं स्नायूंत, बाकीचं चरबी होऊन बसतं. माझ्या अंगात हे सांगणारंच कुणी उरलेलं नाही. मग मी दिवसातून चार वेळा बाहेरून निरोप पाठवते. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, डब्याचं झाकण उघडायच्या आधी पोटाला टोचते. सुरुवातीला एका सरांनी सुचवलं होतं की, मॅडम, हे जरा आडोशाला करत जा ना. मी म्हटलं, सर, तुम्ही डबा आडोशाला खाता का?

हा आजार कळला कसा, तेही सांगते. सोनगीरजवळ आमचं गाव, आणि मामांचं गाव चोपड्याकडे, केळीच्या पट्ट्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला मामांकडे पाठवलं होतं. तिथे मी घटाघटा पाणी प्यायचे, माठ एकटीने रिकामा करायचे. पण मे महिन्यात खान्देशात पाणी कोण पीत नाही? मी दिसेल ते खायचे आणि तरी वाळत चालले होते. मामी म्हणाली, पोरगी हडकली, तिला केळी खाऊ घाला, अंगाला लागतील. मग सकाळी केळी, दुपारी केळी, वरून उसाचा रस. माझ्या तोंडाला गोडसर, पिकल्या फळाचा वास यायला लागला. मामांच्या घरी एका खोलीत केळी पिकत घातलेली असायची, मी सारखी तिथे आत-बाहेर करायचे, तेव्हा त्या वासाचं कुणालाच काही वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात कुणीतरी विचारलं असतं. केळीच्या गावात पोरीच्या तोंडाला केळीचा वास येतो, यात विचारायचं काय?

तो वास माझी चरबी जळण्याचा होता. रक्त साखरेने तुडुंब भरलेलं, आणि अंगातली प्रत्येक पेशी उपाशी. साखर आत घेता येत नाही म्हटल्यावर शरीराने साठवलेली चरबी जाळायला काढली, आणि ती इतक्या घाईने जळायला लागली की तिचं विष रक्तात साचलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच आठवतं की माय मला न्यायला आली, दारातच थबकली आणि म्हणाली, “माय वो, मन्ही पोर आटी गई.” माझी पोर आटली. बसमध्ये मला उलट्या झाल्या, श्वास मोठमोठा व्हायला लागला. धुळ्याच्या दवाखान्यात एका डॉक्टरने माझ्या तोंडाचा वास घेतला आणि नर्सला हाक मारली. एक दिवस उशीर झाला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते.

माय तेव्हापासून स्वतःला दोष देत राहिली. मन्हं ध्यान नही ऱ्हायनं, माझं लक्ष राहिलं नाही, हे वाक्य मी तिच्या तोंडून शेकड्याने ऐकलंय. दर वेळी मी चिडायचे. तुझा काय संबंध, म्हणायचे. पण लक्ष न राहणं कशाला म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरी फ्रिज नव्हता. वडील धुळ्याहून थर्मासमध्ये बर्फ घालून इन्शुलिनची बाटली आणायचे, आणि माय ती प्लॅस्टिकच्या डबीत घालून, डबी बुडेल अशा बेताने माठात सोडायची. त्या माठाला मग कुणी हात लावायचा नाही. मी एकुलती एक. वडिलांना मुलगा हवा होता का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही मला तसं कधी वाटू दिलं नाही. रोटाच्या दिवशी पंगतीत ते मला शेजारी घेऊन बसायचे. पुरण म्हणजे डाळ आणि गूळ, वर गव्हाचं आवरण, साखर सरसर वर चढणार. ते विचारायचे, “किती खाशी?” मी सांगायचे, दीड. मग मी दीड रोटाचं औषध टोचून घ्यायचे आणि ते स्वतःच्या पानातला दीड रोट मोडून माझ्या पानात ठेवायचे. त्यांच्या मुठीतला. मला वाटायचं तो माझाच आहे.

मुलगे बघायला यायला लागले तेव्हा मोठमाय, म्हणजे माझी थोरली काकू, मला समजावत म्हणाली, “पहिले लगीन व्हई जाऊ दे, मंग सांगू.” लग्न उरकलं की मग सांगू. मी मान डोलावली. पाहुणे आले, पोहे झाले, मुलाची आई म्हणाली, मुलगी नाजूक आहे हो छान. मी उठले, आतून बाटली आणि सुई आणली, आणि त्यांच्या समोर बसून टोचून घेतली. म्हटलं, ही नाजूक आहे ती यामुळे, आता काय ते ठरवा. पाहुण्यांनी चहा अर्धाच ठेवला. पुढे दोन ठिकाणी असंच झालं, आणि तिसऱ्या ठिकाणी मुलाला चाललं असतं, पण मला मुलगा चालला नाही. लोक म्हणतात आजारामुळे राहिली. खोटं आहे. खोटं बोलून जायचं नव्हतं म्हणून राहिले.

वडील सात वर्षांपूर्वी गेले. शेवटचं वर्षभर अंथरुणावर होते, आणि मायने एकटीने त्यांचं सगळं केलं. त्या वर्षात ती निम्मी झाली. मग ती गावच्या घरातच राहिली, थोरल्या काकांच्या शेजारच्या दोन खोल्यांत. काकांना आम्ही आबा म्हणतो. आबा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही भलताच समज करून घ्याल. वडील गेल्यावर पेरणी आली की आबा आधी मायच्या शेतात तिफण घालतात आणि मग स्वतःच्या. माय मात्र त्यांच्याशी बोलत नाही. भांडण नाही, रीत आहे. ते तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. जेठासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, तोंड वळवायचं, आणि काही सांगायचं असेल तर मध्ये कुणाला तरी घालून सांगायचं. मी लहानपणी ते निरोप पोचवले आहेत. ‘आबाले सांग, नांगर लागस.’ आबा समोरच बसलेले असायचे. तेही मलाच सांगायचे, ‘तुन्ही मायले सांग, सकाय लई जाय.’ तुझ्या आईला सांग, सकाळी घेऊन जा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका अंगणात काढून त्या दोघांत थेट एक शब्द झालेला मी ऐकला नव्हता.

वडील गेल्यानंतरही मी दर श्रावणात जात होते. पण कॉलेजमुळे रविवारी सकाळी पोचायचे, गहू आदल्या दिवशीच मोजून, दळून झालेला असायचा. मी पंगतीत बसायचे, टोचायचे, वाढलेले रोट खायचे. माय चुलीपाशी. सगळे रोट तीच लाटायची, खापरावर भाजायच्या पुरणाच्या मांड्यांवर तिच्याएवढा हात घरात कुणाचाच बसलेला नाही. जेवायला बोलावलं की म्हणायची, मन्हं पोट जड शे आज. मग नंतर भाकरी आणि भाजी खायची, तीही उभ्या उभ्या. दर वर्षी तिच्या मनगटाचं हाड जरा जास्त दिसायचं. मी म्हणायचे, माय, तू वाळतेस, अंगावर काही ठेव की जरा. ती म्हणायची, वय झालं.

गेल्या वर्षी शनिवारी सुट्टी मिळाली आणि मी दुपारीच गावी पोचले. ओसरीवर धोतर अंथरलेलं, आबा सूप घेऊन बसलेले, आणि सगळी पोरंसोरं भोवती. वीस वर्षांनी मी गहू मोजताना हजर होते. मनाशी ठरवूनच आले होते की या वेळी माझी मूठ मागायची. का? कारण आदल्याच महिन्यात वर्गात मी त्या कोंबाच्या शिदोरीचं तेच नेहमीचं सांगत होते, आणि एक मुलगी बोलून गेली, मॅडम, तुमची शिदोरी कुणी बांधली मग? तिला काहीच सुचवायचं नव्हतं. माझ्याच मनात ते रुतून बसलं.

आबांनी स्वतःचं नाव घेतलं, सव्वा मूठ टाकली. मग त्याची जोडी. मग थोरला मुलगा, त्याची जोडी. धाकटा, त्याची जोडी. मग नातवंडांपैकी मुलगे, अगदी पाळण्यातल्या चार महिन्यांच्या नातवाचंही नाव घेतलं, तेव्हा सगळे हसले. त्याला दात नाहीत, रोट म्हणजे काय माहीत नाही, पण त्याची सव्वा मूठ पडली. आबा हात झटकून उठायला लागले.

“आबा,” मी म्हटलं, “मन्ही मूठ ऱ्हायनी.”

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. हसून म्हणाले, “आंडेरनी मूठ नही ऱ्हास, बेटा. तुन्हा सासरले पडी.” लेकीची मूठ नसते, तुझ्या सासरी पडेल.

“कोनतं सासर, आबा?”

आता हसू थांबलं. मोठमाय दारात येऊन उभी राहिली. मी मोठ्याने बोलत होते, आवाज कापत होता आणि तो कापतोय याचा मला आणखी राग येत होता. म्हटलं, चाळीस वर्षं मी याच घरची आहे. आडनाव हेच आहे. देवीपुढे गाणी म्हणायला मी चालते, विसर्जनाला डोक्यावर घ्यायला चालते, पंगतीत वाढलं तर खायला चालते. मग मोजायलाच का नाही चालत? पाळण्यातलं पोर घरचं, आणि मी पाहुणी?

“आते त्यामा मी काय करू?” आबा म्हणाले. “तूच लगीन नही करं. हाई देवनं काम शे, कालेज नही शे.”

तू लग्न केलं नाहीस, हे देवाचं काम आहे, कॉलेज नाही. चुलत भाऊ मध्ये पडला, जाऊ दे ना, खायला तर मिळतंय ना तुला. अरे, खायला तर भिकाऱ्यालाही मिळतं! मी असं बोलून गेले, पण रोट भिकाऱ्याला देत नाहीत आणि ते मला देत होते, आणि याचा नेमका अर्थ काय, हे त्या क्षणी त्यांनाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं, माझे वडील होते तोवर मी त्यांच्या मुठीतलं खाल्लं. गेली सहा वर्षं मी कुणाच्या वाट्यातलं खातेय, ते तरी सांगा.

तेव्हा माझ्या मागून आवाज आला. माय. चुलीवर पुरणाची डाळ ठेवून ती आली होती, डोक्यावर पदर, नजर खाली, आणि ती माझ्याशी बोलत होती.

“मन्ही बी नही शे,” ती म्हणाली. “सहा वरीस व्हई ग्यात.”

माझीही नाही. सहा वर्षं झाली.

मला आधी समजलंच नाही. मग डोक्यात आबांनी घेतलेली नावं उलट क्रमाने फिरली. वडिलांचं नाव नव्हतं, ते नसणारच, ते गेले. आणि ते नाही म्हटल्यावर ‘त्याची जोडी’ कुणाची म्हणणार? मी तिथेच बसून ऐकलं होतं. एकेक नाव कान देऊन ऐकलं होतं, पण सगळं लक्ष माझं नाव येतं का याकडे. माझ्या आईची मूठ गळली आणि मला ते ऐकूही आलं नाही.

“कोनी बंद करी?” मी विचारलं. कुणी बंद केली?

“कोन्ही बंद करी नही,” माय म्हणाली. “नाव लिधं नही, बस.” कुणी बंद केली नाही, नाव घेतलं नाही, एवढंच.

“मंग तू रोट...”

“जे मन्हा नावनं नही, ते मी कसाले खाऊ?”

जे माझ्या नावाचं नाही ते मी कशाला खाऊ. पोट जड, पोट जड म्हणत सहा वर्षं. सगळ्या घराचे रोट आपल्या हातांनी लाटायचे, खापरावर टाकायचे, पुरणाचा तो वास नाकातोंडात भरून घ्यायचा, आणि घास घ्यायचा नाही. कुणाला कळू द्यायचं नाही, रडायचं नाही, मागायचं नाही, आणि खायचंही नाही. आणि मी? मी पंगतीत बसून, आकडा लावून, दीड रोटाचं औषध टोचून घेत होते आणि स्वतःला बंडखोर समजत होते! तिची मनगटं मला दिसत होती. चरबी कशी उतरते, अंग स्वतःलाच कसं खातं, हे मी पोरांना आकृती काढून शिकवते. शिकवून गावी यायचे आणि आईला सांगायचे, अंगावर काही ठेव. लाज वाटली मला. अशी लाज मला सुई लपवायला सांगणाऱ्यांसमोर कधी वाटली नव्हती. आणि लाजेबरोबर इतका संताप आला की मी सुपाकडे झेपावलेच असते.

पण माय माझ्या आधी गेली. पोत्यापाशी वाकली, मूठ भरली. तिची मूठ लहान आहे, भाकरी थापून थापून बोटं वाकलेली, त्यातून दोन-चार दाणे सांडले. ते तिने वेचून परत मुठीत घेतले. सुपापाशी आली. आबा तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेले, आणि तिने स्वतःचं नाव घेतलं. मोठ्याने. कुणाची बायको नाही, कुणाची आई नाही, तिच्या आईबापाने ठेवलेलं नाव. त्या घरात त्या नावाने तिला कुणीच हाक मारत नव्हतं. वडीलसुद्धा तिला ‘ओ’ म्हणायचे. चुलत भावाच्या पोरींनी एकमेकींकडे बघितलं, कारण त्यांना ते नाव कुणाचं हेच माहीत नव्हतं.

तिने मूठ सुपात सोडली, वर पाव मुठीची चिमूट. मग माझं मनगट धरून मला पुढे ओढलं. मी मूठ भरली, माझं नाव घेतलं आणि टाकली. तिने सुपात हात घालून सगळा गहू एकदा खालीवर केला, पाखडण्याआधी बायका करतात तसा.

“हाई बरं नही व्हयनं,” आबा म्हणाले. हे बरं झालं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नव्हता. ते रीतीप्रमाणे माझ्याकडेच बघत म्हणाले, “तुन्ही मायले सांग, तो दोन मूठ गहू बाजूले काढा. देवनं शे.”

मी सांगायला तोंड उघडलं. मायने हाताने मला थांबवलं. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण तोंड तिने वळवलं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने आबांच्या डोळ्यांत बघितलं आणि सूप त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

“काढा ना,” ती म्हणाली. “मन्हा दाना कोनता, तो वळखीसन काढा.”

माझा दाणा कोणता, तो ओळखून काढा.

आबांनी सुपात बघितलं. मग मोठमाय पुढे आली, सूप उचललं, आणि कुणालाही न विचारता जात्यावर जाऊन बसली.